स्वतःहून काळं होणारं कापड वाढवायचंय? आधी साय धरू द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष, हातात सहा महिने. कोम्बुचा म्हणजे आंबवलेल्या गोड चहावर धरणाऱ्या जाड चकतीतला जिवाणू घ्यायचा, त्यात रंगाचं जनुक घालायचं आणि चामड्यासारखं, स्वतःहून काळं होणारं कापड वाढवायचं. जमेल का, आणि हाच जिवाणू घ्यावा की प्रयोगशाळेतला सवयीचा जिवाणू ई. कोलाय?

जिवाणू हाच घ्या. पण सहा महिन्यांत काळं कापड हातात येईल असं धरून चालू नका. त्यातले तीन महिने नुसती पांढरी चकती दर वेळी सारखी यावी यातच जातील. मी या कामात अकरा वर्षं आहे आणि माझं पहिलं वर्ष अख्खं त्यातच गेलं.

ई. कोलायचा मोह मी समजू शकते. 2014 साली एमआयटीत टिमथी लू यांच्या गटानं त्याच्या कर्ली नावाच्या प्रथिनतंतूंवर सोन्याचे नॅनोकण बसवले. त्याच वर्षी हार्वर्डमध्ये नील जोशी यांच्या गटानं त्याच तंतूंना हवी ती पेप्टाइडं जोडून दाखवली. पण कर्ली म्हणजे शेवटी बायोफिल्मचा, जिवाणूंच्या चिकट थराचा, चिकटा. त्यातून कापडाएवढा तुकडा काढायचा तर फ्लास्कवर फ्लास्क गाळत बसावं लागतं. चकतीतला जिवाणू, म्हणजे कोमागाटाइबॅक्टर, ग्लुकोजसारखी साखर खातो आणि सेल्युलोजचे धागे बाहेर सोडतो, त्यामुळे विणकाम आयतं मिळतं. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात टॉम एलिस यांच्या गटानं 2016 मध्ये को. ऱ्हेटिकस या प्रजातीत जनुकं घालायची हत्यारं तयार करून दिली. तो स्ट्रेन, म्हणजे जिवाणूचा वाण, कोम्बुचातूनच वेगळा केलेला, आणि तोही जनुकं जोडून नवे जीव घडवण्याच्या आयजेम स्पर्धेतल्या विद्यार्थ्यांच्या 2014 च्या प्रकल्पात. तेव्हा विद्यार्थ्यांनी यात पडू नये असं मी म्हणत नाहीये.

आता चकतीकडे येऊ. जिवाणू वाढवायचं द्रव म्हणजे हेस्ट्रिन-श्राम माध्यम, 2 टक्के ग्लुकोज, 30 अंश सेल्सिअस. तिसऱ्या दिवशी दुधावर धरते तशी साय दिसते, ट्रे जरा हलला की तिला सुरकुत्या पडतात. दहाव्या दिवशी उचलाल तेव्हा ती शहाळ्यातल्या मलईसारखी लागते, गुळगुळीत आणि बोटांतून निसटणारी. ती जवळजवळ सगळी पाणीच असते. वाळली की कागद. साय वरच धरते, कारण या जिवाणूला हवा लागते आणि सेल्युलोज हा त्याचा तराफा आहे. म्हणून खोल बरणी नको, पसरट ट्रे हवा, आणि तो कुणाचा धक्का लागणार नाही अशा जागी. आमच्याकडे इन्क्युबेटरचं दार कुणी आपटलं की साय तिरकी बुडायची, तिच्यावर दुसरी धरायची, आणि वाळल्यावर चिरोट्यासारखे पदर सुटायचे.

लवकर वाढावं म्हणून शेकरवर, म्हणजे हलवत राहणाऱ्या यंत्रावर, लावू नका. हलवलेल्या द्रवात हवा सगळ्यांनाच मिळते, मग तराफा कशाला विणायचा? सेल्युलोज न बनवणारे म्युटंट तिथे उपटतात आणि वाचलेल्या साखरेवर बाकीच्यांच्या पुढे जातात. पंगतीला सगळे, वाढायला कुणी नाही. तुमच्या रंगाच्या जनुकाचंही हेच होणार. ते पेशीवर लादलेलं ओझं आहे, आणि अँटिबायोटिकचा धाक नसेल तर ज्या पेशीनं प्लास्मिड (जनुक वाहून नेणारं डीएनएचं कडं) टाकून दिलं तीच जोमानं वाढते. म्हणून पहिल्याच दिवशी ग्लिसरॉलमध्ये स्टॉक गोठवून ठेवा आणि प्रत्येक बॅच त्यातूनच सुरू करा. आधीच्या चकतीचा तुकडा पुढच्या ट्रेला विरजण म्हणून लावायची सवय मोडा. आजीचं विरजण वर्षानुवर्षं चालतं, कारण त्यात कुणी परकं जनुक घातलेलं नसतं. आणि इलेक्ट्रोपोरेशनसाठी, म्हणजे विजेच्या झटक्यानं जनुक आत घालण्यासाठी, पेशी वाढवताना माध्यमात सेल्युलोज तोडणारं सेल्युलेज एन्झाइम घाला, नाहीतर पेशी धाग्यांत अडकून बसतात आणि हाती नुसत्या गुठळ्या लागतात.

तुम्ही ज्या काळ्या बुटाचा फोटो टाकलाय, ते एलिस यांच्याच गटाचं 2024 मधलं काम. जिवाणूत टायरोसिनेज एन्झाइमचं जनुक घातलं. ते टायरोसिन या अमिनो आम्लापासून युमेलॅनिन बनवतं, म्हणजे आपले केस काळे करणारं रंगद्रव्य. बुटाचा वरचा भाग दोन आठवडे त्या आकाराच्या भांड्यात वाढवला, मग 30 अंशाला हलक्या हातानं हलवत दोन दिवस ठेवून काळा केला. फोटोत सोपं दिसतं. खरी मेख पीएचमध्ये आहे. हा जिवाणू ग्लुकोजचं ग्लुकॉनिक ॲसिड करतो, माध्यम आंबट होत जातं, आणि आंबटात काळा रंग धरत नाही. म्हणून त्यांनी कामाचे दोन भाग केले: आधी विणू द्यायचं, मग चकती उचलून टायरोसिन आणि तांबं असलेल्या उदासीन बफरमध्ये ठेवायची. तुमच्या आराखड्यात दोन्ही एकाच ट्रेमध्ये दाखवलंय. तसं केलंत तर पांढरी चकती बघत बसाल आणि दोष क्लोनिंगला द्याल.

मी दिला होता. जीएफपी, म्हणजे हिरवं चमकणारं प्रथिन, बनवणारं जनुक घातलं होतं, दोन महिने हिरवा उजेड काही दिसेना. प्लास्मिड दोनदा सीक्वेन्स केलं, प्रायमर बदलले, प्रमोटर बदलायची तयारी केली. एका संध्याकाळी भांडी आवरताना एक तुकडा पीएच 7 च्या बफरमध्ये पडून राहिला, आणि निळ्या दिव्याखाली तोच तेवढा हिरवा! जीएफपी आंबटात विझतं हे पुस्तकात वाचलेलं होतं. ताकात बुडवलेल्या काजव्याकडून मी उजेड मागत होते.

सहा महिन्यांतच काहीतरी दाखवायचं असेल, तर माझ्या मते जनुक जिवाणूत न घालता यीस्टमध्ये घाला. 2021 मध्ये एलिस आणि लू यांच्या गटांनी मिळून कोम्बुचाची जोडी प्रयोगशाळेत उभी केली. जिवाणू विणतो, आणि त्याच चकतीत राहणारं पावाचं यीस्ट एन्झाइम सोडणं, रसायन ओळखणं असली कामं करतं. आपली घरातली साधी साखर (सुक्रोज) या जिवाणूला नीट पचत नाही. यीस्ट ती फोडून देतं, म्हणून दोघांचं जमतं. यीस्टमध्ये जनुक घालणं तुमच्या विभागात कुणाला ना कुणाला येत असेलच.

मग शेवटच्या वस्तूत पेशी जिवंत हव्यात की नकोत, हेही आत्ताच ठरवा. पांढरी, वास न येणारी चकती हवी तर ती गरम कॉस्टिक सोड्यात धुवावी लागते, आणि त्यात सगळे मरतात. नुसत्या रंगीत कापडात पेशी मेल्या तरी चालतं, एखादं रसायन ओळखणाऱ्या कापडात नाही. अमेरिकेत कोलोरॅडोत 2020 मध्ये सायनोबॅक्टेरिया (उजेडावर जगणारे जिवाणू), वाळू आणि जिलेटिनची जिवंत वीट केली होती. ती अर्धी करून पुन्हा वाळू-जिलेटिन घातलं की नवी वीट वाढायची, तीन पिढ्यांत एकाच्या आठ. पण मजबुतीसाठी वीट वाळायला हवी आणि जगण्यासाठी ओल हवी, हे भांडण तिथेही सुटलेलं नव्हतं. बंगळुरूच्या आयआयएससीत, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेत, चंद्राच्या नकली मातीची वीट करताना हा प्रश्नच आला नाही. तिथे जिवाणूनं कण जोडणारी चुनखडी तयार करून दिली की त्याचं काम संपलं.

परवानगीचं मात्र हलक्यात घेऊ नका. जनुक बदललेला जीव वाढवायचा तर 1989 च्या नियमांखाली संस्थेची जैवसुरक्षा समिती लागते. कॉलेजात नसेल तर जिथे आहे तिथल्या मार्गदर्शकाला गाठा, आणि चकतीचा प्रत्येक तुकडा ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेत, निर्जंतुक झाल्यावरच कचऱ्यात जाऊ द्या. घरच्या ओट्यावर हे अजिबात नाही. साधी, न बदललेली चकती मात्र कुठेही वाढवा. स्ट्रेनसाठी पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या (एनसीएल) एनसीआयएम या सूक्ष्मजीव संग्रहाकडे चौकशी करा. कोकणातले असाल तर सुक्या खोबऱ्याच्या कारखान्यात फेकून देतात ते नारळपाणी स्वस्तातलं माध्यम म्हणून करून बघा. फिलिपाइन्समध्ये नाता दे कोको याच कुळातल्या जिवाणूकडून नारळपाण्यावर धरून घेतात.

या सोमवारी चार ट्रे लावा, एकाच स्टॉकमधून, एकाच दिवशी. दहाव्या दिवशी चारही चकत्या धुऊन, वाळवून वजन करा आणि चारही आकडे इथे टाका. ते एकमेकांच्या जवळपास आले की प्लास्मिडचं बोलू.