कोल्हापुरात लॅपटॉप घ्यायचाय, पण दुकानातल्या विक्रेत्यालाच काही माहीत नसतं. अशा वेळी काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मुलीला मेकॅनिकलला प्रवेश मिळालाय, राजारामपुरी आणि स्टेशन रोडची दुकानं फिरून झाली, आणि 'यावर कॅड (यंत्रांचे आराखडे काढायचं सॉफ्टवेअर) चालेल का' या एकाच प्रश्नाला प्रत्येक ठिकाणी वेगळं उत्तर मिळालं. तुमचा वैताग पटतो. उद्यमनगरातल्या कारखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळायचं माझं काम आहे. ओळखीची माणसं खरेदीला मला सोबत नेतात, त्यामुळं ही उत्तरं माझ्याही कानावर नेहमी पडतात.

शोरूममध्ये कंपनीचा टी-शर्ट घालून उभी असलेली बरीच मुलं दुकानाची नसतात. ती त्या त्या ब्रँडची प्रमोटर असतात, आणि खपलेल्या पीसवर त्यांना इन्सेन्टिव्ह मिळतो. गेल्या सीझनला मिक्सर विकणारा मुलगा या सीझनला लॅपटॉपच्या काउंटरवर असू शकतो. त्याला शिकवलेलं असतं ते काय बोलून विकायचं एवढंच. म्हणून त्याच्यावर चिडू नका आणि त्याची परीक्षाही घेऊ नका. फक्त त्याला मत विचारू नका. ज्याचं उत्तर तो बोट ठेवून दाखवू शकेल, तेवढंच विचारा.

'कॅड चालेल का?' म्हटलं की 'चालतंय की, डोळं झाकून घ्या' हेच येणार. त्याऐवजी 'प्रोसेसरचं पूर्ण नाव खोक्यावर कुठं लिहिलंय ते दाखवा' म्हणा. इथंच सगळ्यात जास्त घोळ होतो. 'आय-फाइव्हपेक्षा आय-सेव्हन मोठा' हे वाक्य तुम्हाला प्रत्येक काउंटरवर ऐकू येईल. पण इंटेलच्या या चिपांमध्ये नावाच्या शेवटचं अक्षर बघावं लागतं. यू म्हणजे बॅटरी वाचवणारी, साधारण १५ वॅटची चिप. एच म्हणजे जड कामाची, ४५ वॅटची. आय७-१२५५यू मध्ये १० कोअर, म्हणजे चिपमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग, आहेत, त्यांतले ताकदीचे फक्त २. आय५-१२५००एच मध्ये १२ कोअर, त्यांतले ताकदीचे ४. तासन्‌तास कॅडवर काम करायचं असेल तर हा आय-फाइव्ह त्या आय-सेव्हनला मागं टाकतो. एचवाला लॅपटॉप जड असतो, बॅटरी लवकर संपते, हेही खरं. रोज बसनं कॉलेजला जाणाऱ्या मुलीनं तो आधी हातात उचलून बघावा.

रॅमचंही तसंच. सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरसाठी १६ जीबी लागते आणि बऱ्याच स्वस्त मॉडेलांत ८ च असते. 'नंतर वाढवता येते' असं सांगतील. काही लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, मग वाढवायचा प्रश्नच मिटतो. डेमो पीस चालू असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरी उघडा. किती स्लॉट आहेत आणि किती भरलेत, हे बहुतेक लॅपटॉपांवर तिथंच दिसतं. मात्र डेमो आणि तुम्हाला मिळणारा पीस एकाच मॉडेलचे आहेत ना, हे खोक्यावरच्या मॉडेल नंबराशी ताडून बघा. नाव एकच असलं तरी शेवटची दोन-तीन अक्षरं बदलली की रॅम, स्क्रीन सगळं बदलतं.

कधी कधी उत्तर चुकीचं असतं पण फसवणूक नसते, हेही ओळखता यावं. ५१२ जीबीचा एसएसडी (फायली साठवायची डिस्क) विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसतो. 'उरलेली जागा विंडोजनं खाल्ली' असं सांगतात. तसं नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. तेवढ्यावरून भांडत बसू नका.

माझा सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे कोटेशन. तो मुलगा जे काही बोलला, म्हणजे रॅम वाढते, वॉरंटी तीन वर्षं, सर्व्हिस घरी येऊन, ते सगळं मॉडेल नंबरसकट कोटेशनवर लिहून दुकानाचा शिक्का मागा. आवाज न चढवता, 'भावा, एवढं लिहून दे' म्हणायचं. ज्याला खात्री नाही तो तिथंच थांबतो आणि मालकाला बोलावतो. मालकाला बहुधा माहिती असते, कारण उद्या भांडण आलं तर ते त्याच्याच दारात येणार असतं. आणि एखादा मुलगा आपणहून 'मला नक्की माहीत नाही, बघून सांगतो' म्हणाला तर हजार-पाचशे जास्त गेले तरी मी त्याच दुकानातून घेईन.

पैसे भरताना बिलावर सीरियल नंबर घ्या, खोकं काउंटरवरच उघडा, लॅपटॉप तिथंच चालू करून प्रोसेसर आणि रॅम परत बघा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. त्यामुळं बिलाखाली 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापलेलं असलं तरी सदोष पीस घेऊन गप्प बसू नका. आधी मालकाशी बोला, नाही ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवा. कोटेशन आणि बिल दोन्हीचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा; बिलाची शाई वर्षभरात उडते.