नायिकेचं भाडं आणि तुमची एफडी

प्रश्न : मी २६ वर्षांची, कोल्हापुरात नोकरी करते. हातात ३४,००० रुपये येतात, घरी थोडे देते. बँकेत २,४०,००० ची एफडी आहे, बाकी शिल्लक फारशी नाही. तीन वर्षांपासून एका परदेशी मालिकेतल्या पात्रांवर फॅनफिक्शन लिहिते. सध्याच्या कथेतली नायिका २३ वर्षांची फ्रेंच मुलगी आहे. ती पॅरिसमध्ये किमान वेतनावर बेकरीत काम करते, मारे या मध्यवर्ती भागात बाल्कनीच्या दोन खोल्यांत राहते आणि पहाटे चारला मेट्रोने कामावर जाते. डिसेंबरात भाडं थकतं म्हणून घरमालक तिला बाहेर काढतो. मैत्रिणीने विचारलं, 'हे तिला परवडतं तरी का?' मला उत्तर देता आलं नाही. एफडी मोडून दहा दिवस पॅरिसला जाऊन खरे खर्च बघून यावेत का? विमान, व्हिसा, हॉटेल, जेवण धरून अंदाज २,३०,००० चा आहे.

उत्तर : एफडी मोडू नका. तुमचं लिखाण मला महत्त्वाचं वाटत नाही म्हणून हे सांगत नाही. पात्र दुसऱ्याचं असल्याने या कथेतून उत्पन्न येणार नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण छंदावर खर्च करायला उत्पन्नाची अट कशाला? अडचण अशी की ही एफडी म्हणजे तुमचा आपत्कालीन निधी आहे. उद्या नोकरी गेली किंवा घरात आजारपण आलं, तर दुसरा आधार नाही. मुदतीआधी मोडली तर व्याजही कापलं जाईल. आणि दुसरं कारण मला त्याहून मोठं वाटतं : दहा दिवस जाऊन तुम्हाला तिचे खर्च दिसणारच नाहीत, तुमचे दिसतील.

पॅरिसमध्ये पाहुण्याचे आणि रहिवाशाचे भाव वेगळे असतात. २०२५ चे आकडे घेऊ. तुम्ही मेट्रोच्या एका तिकिटाला २.५० युरो द्याल. तिच्याकडे नाव्हिगोचा महिन्याचा पास असेल, ८८.८० युरोंचा, आणि कायद्याने त्यातले निम्मे बेकरीचा मालक देतो. तुम्ही डॉक्टरकडे गेलात तर किमान ३० युरो खिशातून जातील. तिचे त्यातले १९ सरकारी आरोग्य विमा परत करतो, ९ नोकरीतून मिळालेला पूरक विमा भरतो आणि तिच्या वाट्याला २ येतात. तुम्ही कॅफेच्या बाहेर खुर्ची टाकून कॉफी घ्याल, ती काउंटरला उभी राहून घेईल आणि बरेच कमी पैसे देईल. हा फरक हॉटेलात राहून कळत नाही.

आता तिचा पगार. फ्रान्समध्ये किमान वेतनाला 'स्मिक' म्हणतात. २०२५ मध्ये आठवड्याला ३५ तासांच्या कामाचे महिना १,८०१.८० युरो, आणि सामाजिक वर्गणी कापून हातात साधारण १,४२६. मारेमधलं दोन खोल्यांचं घर १,४०० च्या आसपास जाईल. म्हणजे भाडं भरलं की पावाला पैसे नाहीत. मैत्रिणीची शंका रास्त आहे.

मग ती राहील कुठे? जुन्या इमारतींच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, छपराखाली, पूर्वी मोलकरणींसाठी बांधलेल्या खोल्या असतात. त्यांना 'शाम्ब्र द बॉन' म्हणतात. सहावा-सातवा मजला, बहुधा लिफ्ट नाही, कधी शौचालय बाहेरच्या बोळात. भाड्याने देण्याच्या खोलीला कायद्याने निदान ९ चौरस मीटर जागा लागते, म्हणजे जेमतेम ९७ चौरस फूट. अशा दहा-बारा चौरस मीटरच्या खोलीचे ६५० युरो धरा. घरमालक सहसा भाड्याच्या तिप्पट पगार मागतात आणि तिच्या पगाराची तिसरी वाटणी ४७५ होते. त्यामुळे जामीन राहणारं कुणी लागेल. तिशीच्या आतल्यांसाठी 'व्हिझाल' ही मोफत हमी आहे, तिचा अर्ज तुमची नायिका करू शकते. खोली सामानासकट असेल तर दोन महिन्यांपर्यंत डिपॉझिट मागता येतं. पहिल्या महिन्याचं भाडं धरून १,९५० युरो एकरकमी. ते तिने कुठून आणले? कथेत याचं उत्तर कुठेतरी हवंच, आणि मला वाटतं त्यात एक अख्खं प्रकरण दडलंय.

बाकी महिना असा मांडा : वीज ४०, इंटरनेट ३०, मोबाइल १०, घरविमा १०, पासचा तिचा वाटा ४४, पूरक विम्याचे २०, किराणा २५०. किराण्याचा हा आकडा लिडलसारख्या स्वस्त दुकानातून घेतलं आणि घरी रांधलं तरच जमतो. भाड्यासकट १,०५४ झाले, हातात ३७२ उरले. यातच कपडे, धुलाईचं दुकान, सिनेमा आणि आईकडे जायचं रेल्वेचं तिकीट. कमी पगारावर काम करणाऱ्यांना सरकारी पूरक भत्ता मिळतो, त्यासाठी तिने अर्ज केलाय की संकोचाने केला नाही, हे तुम्ही ठरवा.

कथेत रुपयांत हिशेब करू नका. एक युरो शंभर रुपये धरला की १२० रुपयांचा पाव आपल्याला महाग वाटतो, तिला वाटत नाही. त्याऐवजी तिच्या श्रमात मोजा. तासाला तिच्या हातात साधारण ९.४० युरो पडतात. १.२० चा 'बॅगेट' हा लांब फ्रेंच पाव म्हणजे आठ मिनिटांचं काम. बारा युरोंचा सिनेमा म्हणजे सव्वा तासाहून जास्त. खोलीचं भाडं म्हणजे जवळजवळ दोन आठवडे. हे कळलं की ती कशाला हात आखडता घेईल आणि कशाला नाही, हे आपोआप सुचतं. शिवाय बेकरीतला उरलेला पाव तिला घरी नेता येत असेल, तर तो पगाराचाच भाग समजा.

भाव घरबसल्या बघता येतात. कारफूर, ओशाँ या सुपरमार्केटच्या संकेतस्थळांवर दुकानागणिक किमती दिसतात, लबोंक्वाँ आणि सलोजे यांवर भाड्याच्या जाहिराती. तिथे 'टे-दे' म्हणजे दोन खोल्या, त्यातली एक बैठकीची. आपला टू बीएचके तिथे 'टे-त्रुआ' होतो. आणि मेट्रो पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू होते, त्यामुळे चारला तिला चालत, सायकलने किंवा नॉक्तिलियँ या रात्रीच्या बसनेच जावं लागेल.

पॅरिस बघायची इच्छा मात्र सोडू नका. महिना ६,००० ची वेगळी आवर्ती ठेव काढा. तीन वर्षांत २,१६,००० मुद्दल आणि वर व्याज. मुदत छोटी आहे, म्हणून हे पैसे शेअर बाजारात नकोत. दरम्यान युरो महागू शकतो, तेव्हा पगार वाढला की हप्ताही थोडा वाढवा.

एक प्रकरण तेवढं बदलावं लागेल. फ्रान्समध्ये १ नोव्हेंबर ते ३१ मार्च भाडेकरूला सहसा घराबाहेर काढता येत नाही, आणि एरवीही न्यायालयाच्या आदेशाशिवाय नाही. डिसेंबरात घरमालक दार ठोठावेल, नोटीस पाठवेल, पण तिचं सामान जिन्यात टाकू शकणार नाही. ती मार्चअखेरपर्यंत त्या खोलीतच राहील, थकबाकी वाढत जाईल, आणि एप्रिल जवळ येत राहील.