लँडस्केप शिकायला बाहेर जाऊ का?

प्रश्न : ताई, मी लातूरची, बी.आर्कच्या चौथ्या वर्षाला आहे. लँडस्केपचं मास्टर्स बाहेरून करायचंय, पण घरचे म्हणतात झाडं लावायला परदेश कशाला, अन् पैसा कुठून आणायचा?

उत्तर : अगं, लँडस्केप म्हणजे नुसती झाडं नाहीत, पाणी कुठं मुरवायचं हे पण त्यातच येतं, अन् २०१६ला रेल्वेनं पाणी आलेल्या लातूरच्या पोरीनं हे नाही शिकायचं तर कुणी?

पैशाचं म्हणशील तर जर्मनी आधी बघ, बऱ्याच सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नसते, बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात. राहण्याखाण्याचे पैसे व्हिसाआधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दर महिन्याला ठराविकच रक्कम काढता येते अशा खात्यात, दाखवावे लागतात, ते घरी आत्ताच सांगून ठेव. डाड (DAAD) म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांना स्कॉलरशिप देणारी जर्मन संस्था, तिची खास आर्किटेक्चरवाल्यांसाठी वेगळी स्कॉलरशिप असते, तिथं जरूर अर्ज कर. नेदरलँड्सला डेल्फ्टमध्ये २ वर्षांचा कोर्स आहे, चांगलाय, पण फी भारी.

खरी मेहनत पोर्टफोलिओवर, म्हणजे अर्जासोबतच्या तुझ्या कामांच्या संग्रहावर घे. चकाचक थ्रीडी व्ह्यू सगळेच टाकतात गं, तू संभाजीनगरला जाऊन मलिक अंबरची नहर, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणारी जुनी योजना बघ, पाणी उताराउतारानं शहरात कसं आणलं ते स्वतः स्केच कर, नळदुर्ग किल्ल्यातल्या बंधाऱ्यातला पाणी महाल पण बघ, अन् तेच पहिल्या पानावर टाक.