आरोग्यप्रश्न : डॉक्टर नसलेली समुपदेशक नैराश्यावर उपचार करू शकते का?

प्रश्न : आमच्या गावापासून जिल्हा रुग्णालय फार लांब आहे आणि मानसोपचारतज्ज्ञ तिथेच भेटतात. वहिनींना काही महिन्यांपासून झोप नाही, अन्नावरची वासना उडाली आहे, कशातच मन लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या समुपदेशक ताईंशी बोलावे, असे आशाताई सुचवतात. नुसत्या बोलण्याने हा आजार बरा होतो का?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : आशाताईंचा सल्ला योग्य आहे. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगाथ’ या संस्थेने मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना प्रशिक्षण देऊन, तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांशी सहा ते आठ भेटींत काम करायला लावले. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तीन महिन्यांनी त्यांच्याकडील 64 टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. केवळ केंद्रातील डॉक्टरांकडे नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण 39 टक्के होते. या भेटी म्हणजे नुसता धीर देणे नव्हे. खचलेला माणूस शेजारी जाणे, देवळात जाणे, आवडीचे काम करणे सोडतो आणि त्यामुळे अधिकच खचतो; सुटलेल्यापैकी एखादी गोष्ट ठरवून पुन्हा सुरू करायची आणि पुढच्या भेटीत तिचा आढावा घ्यायचा, अशी ही पद्धत आहे.

मात्र समुपदेशकांच्या कामावर देखरेख हवीच. गोव्यात त्यांच्या संभाषणांची ध्वनिमुद्रणे ऐकून गटात चर्चा होत असे. चार दिवसांचे प्रशिक्षण उरकून, आधीच कामाने वाकलेल्या आशाताईंवर हीही जबाबदारी टाकणे मला अन्यायाचे वाटते. अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावपातळीवर असेच काम केले, तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. वाढ मोठी आहे, तरी बहुसंख्य रुग्ण उपचाराबाहेरच राहिले.

वहिनींना आधी केंद्रातील डॉक्टरांना दाखवा, कारण थायरॉइडचा विकार किंवा रक्तक्षय यांतही अशी काही लक्षणे दिसतात. औषध लागले, तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार अत्यावश्यक यादीतील औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत मोफत मिळणे हा त्यांचा हक्क आहे. ‘साठा नाही’ असे उत्तर मिळाल्यास लेखी तक्रार करा. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार त्यांच्या मनात येतात का, हे स्पष्टपणे विचारा; विचारल्याने धोका वाढत नाही. उत्तर ‘हो’ आले, तर त्यांना एकटे सोडू नका, कीटकनाशके कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. ‘टेलि-मानस’ या सरकारच्या मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेची 14416 ही मोफत सेवा चोवीस तास उपलब्ध असून तिथे मराठीत बोलता येते.