नाट्यव्यवस्थापनाकडे वळताना
कलाव्यवस्थापनात यायचे असेल, तर पदविका शोधण्यापूर्वी एखाद्या नाट्यसंस्थेच्या व्यवस्थापकासोबत निदान एक हंगाम काढावा, असे मी आपणांस आग्रहाने सांगेन. नाट्यगृहाची तारीख मिळवणे, संहितेसाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र घेणे, नेपथ्याचा टेम्पो वेळेवर पोहोचवणे आणि प्रयोगानंतर कलावंतांची नाइट, म्हणजे दर प्रयोगाचे मानधन, चुकती करणे, ही कामे माणसांत वावरूनच अंगवळणी पडतात. हिशेब मात्र रीतसर शिकावा: न्यासाची नोंदणी, लेखापरीक्षण, देणगीवरील प्राप्तिकर सवलत, तसेच कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत कला व संस्कृतीचा समावेश असल्यामुळे मागता येणारा सीएसआर निधी, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी. हिशेब चोख नसेल, तर गुणी संस्थाही देणगीदार गमावते आणि त्याची झळ बहुधा प्रथम पडद्यामागच्या कामगारांना बसते.