किल्ला विकायचा नाही, मग हिशेब कशाला?

प्रश्न : मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला निवृत्त इतिहास शिक्षक. मुलगी बी.कॉम. झाली. सीए इंटरचा पहिला ग्रुप सुटला, दुसरा दोनदा राहिला. आता म्हणते, सरकारच्या ताब्यातल्या किल्ल्या-देवळांचे हिशेब कसे मांडतात ते शिकायचंय. किल्ला काय विकायचाय का? आणि कर्नाटकातल्या सरकारी नोकऱ्या आम्हा मराठीवाल्यांना कुठल्या मिळायला! तिचा मावसभाऊ सीए होऊन हुबळीत ऑफिस थाटून बसलाय. आम्ही तिला सांगितलंय, सप्टेंबरला सुटलं तर ठीक, नाहीतर स्थळं बघणार. मार्कलिस्ट जोडली आहे. तुम्ही तिला समजवा.

उत्तर : सर, नमस्कार. समजवायचं काम माझ्याकडे दिलंत, त्याची सुरुवात मी तुमच्यापासून करतो.

‘सप्टेंबरला सुटलं तर ठीक, नाहीतर स्थळं’ हे तुम्ही इतकं सहज लिहिलंय की घरातही तसंच बोलत असणार. दुसऱ्या ग्रुपातल्या कॉस्टिंगच्या, म्हणजे उत्पादनखर्चाच्या हिशेबाच्या, पेपराला बसलेल्या मुलीला घड्याळाबरोबर बघायला येणारी माणसंही दिसत असतील, तर तिचं गणित जुळायचं कसं? नापास झाल्याची शिक्षा म्हणून लग्न लावून देणं म्हणजे लेकीचा अपमान आहेच, येणाऱ्या जावयाचाही आहे. शाळेत एखाद्या बापाने तुमच्यापुढे हे वाक्य म्हटलं असतं, तर तुम्हीच त्याला स्टाफरूममध्ये बसवून झापलं असतं. आणि त्या मावसभावाला जरा विश्रांती द्या. त्याच्या ऑफिसामुळे हिचा एक मार्क वाढायचा नाही.

मार्कलिस्ट तुम्ही जोडलीत, पण नीट पाहिली नसावी. ऑडिटला दोन्ही वेळा साठच्या वर, कॉस्टिंगला दोन्ही वेळा चाळीसच्या आत. तिचा कल कुठे आहे ते कागदावरच लिहिलंय.

आता किल्ल्याचं. विकायची नसेल त्या वस्तूचा हिशेब नको, हा गैरसमज चांगल्या शिकलेल्या माणसांतही असतो. ताब्यात काय आहे आणि ते कुणी सांभाळायचं, हेही ताळेबंदातून कळायला हवं. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे केंद्राच्या संरक्षणातलं जुनं जैन मंदिर, घ्या. केंद्राचे हिशेब अजून मुख्यतः रोखीवर चालतात. डागडुजीचा पैसा खर्चात दिसतो, बस्ती मात्र कुठल्याच ताळेबंदात नाही. नगरपालिकांचे हिशेब द्विनोंदी पद्धतीचे, म्हणजे मालमत्ताही ताळेबंदात येते. तिथे जुन्या पुतळ्याची मूळ किंमत सापडली नाही तर तो एक रुपयाला नोंदवण्याची रीत आहे. एक रुपया वाचून हसू येतं, पण नोंद असली की ती वस्तू जागेवर आहे का, हे कुणीतरी जाऊन बघू शकतं. कॅगच्या, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांच्या, २०१३ च्या अहवालासाठी १,६५५ केंद्रीय संरक्षित स्मारकांची पाहणी झाली, त्यातली ९२ जागेवर सापडलीच नाहीत! किंमत लावण्यावर जगभर वाद आहे. इप्सास १७ या सरकारी हिशेबांच्या आंतरराष्ट्रीय मानकाने वारसा मालमत्ता ताळेबंदात घेणं ऐच्छिक ठेवलं होतं. २०२३ मध्ये आलेल्या इप्सास ४५ ने ती सवलत काढली: मोजता येत असेल तर घ्या, येत नसेल तर ताळेबंदाखालच्या टिपांमध्ये माहिती द्या. आपल्याकडे नगरपालिकांसारख्या स्थानिक संस्थांसाठीचं आयसीएआयचं (सीएंच्या संस्थेचं) मानक त्या जुन्या १७ वर बेतलेलं आहे. माझं मत विचाराल तर हलशीच्या भूवराह नरसिंहाच्या देवळाला आकडा चिकटवून फार काही साधत नाही. यादी, आजची अवस्था आणि वर्षाचा खर्च एवढं जरी नेमाने छापलं तरी पुष्कळ झालं.

मुलीलाही एक कडू गोष्ट सांगतो. ‘वारसा मालमत्तेचा हिशेबनीस पाहिजे’ अशी जाहिरात निघत नाही. हा सार्वजनिक लेखापरीक्षणातला एक कोपरा आहे आणि तिथे जायचं तर ऑडिटच्याच दारातून जावं लागतं. तेव्हा सीए सोडू नकोस. इंटर आता वर्षातून तीनदा होते. सप्टेंबर हुकला तर जानेवारी आहे. आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, नगरपालिकांची कामं घेणाऱ्या फर्ममध्ये कर, स्टायपेंड कमी मिळाला तरी. सीए अगदीच नको झालं, तर एसएससी सीजीएल या केंद्राच्या पदवीधर भरती परीक्षेतून कॅगच्या खात्यात सहायक लेखापरीक्षा अधिकारी होता येतं, त्याला पदवी पुरते.

राहिली कन्नड. सर, सीमाप्रश्नावर तुमचं मत काहीही असो, नगरपालिकेच्या नोंदवह्या आज कन्नडात आहेत आणि राज्य सेवेच्या परीक्षांना कन्नडचा पेपर सक्तीचा आहे. मराठीवाल्यांना नोकऱ्या नाहीत असं म्हणत मुलांना तो पेपर टाळायला शिकवणारे पालक मी या भागात खूप पाहिले. मग नोकरी कुणाला मिळते, त्याचं आश्चर्य कशाला? हा जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. जुन्या दप्तरांत मराठी आहे, मोडीही आहे. आजची कन्नड टिपणी लिहिणारा आणि जुना मराठी कागद वाचणारा ऑडिटर इथे सहज मिळत नाही. तिने कन्नड वाचण्यापुरती न ठेवता लिहिण्याइतकी पक्की करावी. तुम्ही इतिहासाचे शिक्षक, मोडी येत असेल तर तिची शिकवणी घरीच सुरू करा. कॉस्टिंगला मात्र बाहेरचा शिक्षक बघा.