वाचकांचे प्रश्न : वायनरीत तोडणीला नेमकं कधी जावं?

प्रश्न : ताई, माझ्या मावसभावाने दिंडोरीजवळ छोटी वायनरी काढली आहे. यंदा द्राक्षांच्या तोडणीला हातभार लावायला ये म्हणतो, पण तारीख विचारली की 'चार दिवस आधी कळवतो' एवढंच. मला ऑफिसात रजा महिनाभर आधी टाकावी लागते. एवढं आधी सांगता येत नाही का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : भाऊ टाळत नाहीये, त्याला खरंच तेवढंच सांगता येतं. पार्ल्यात राहायला येण्याआधी मी तिकडच्याच एका वायनरीत साखर मोजायच्या कामावर होते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गोडी छाटणीवरून, म्हणजे फळ धरण्यासाठी वेली छाटतात त्यावरून, अंदाज बांधता येतो, पण थंडी लांबली की साखर भरायला वेळ लागतो आणि ऊन अचानक तापलं की आंबटपणा भराभर उतरतो. त्यात अवकाळीचं सावट आलं, तर सगळे बेत त्याच दिवशी बदलतात.

खायच्या थॉमसन द्राक्षांना १६-१८ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) पुरे होतात, वाइनच्या द्राक्षांना साधारण २२ ते २४ लागतात. नमुना घेताना आम्ही बागभर फिरायचो. एक मणी उन्हाच्या बाजूचा, एक पानाआडचा, घडाच्या खांद्यावरचा आणि शेंड्याचाही, कारण एकाच घडात गोडी सारखी नसते. रसाचा थेंब साखर मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर टाकून उजेडाकडे धरायचा. तेवढ्यावर मात्र भागत नाही. मणी चावून बी तळहातावर काढायची. ती हिरवी आणि कडवट असेल तर आकडा कितीही छान असो, लाल वाइनची तोडणी थांबवायची. बी तपकिरी होऊन दाताखाली कुरकुरली, की मजुरांना तोडणीला या म्हणून निरोप.

आता तुमच्या रजेचं. सोविन्यों ब्लांक, शेनिन ब्लांकसारखी पांढरी द्राक्षं आधी येतात आणि त्यांना थांबायला फारशी सवड नसते. म्हणून शिराज या लाल वाइनच्या द्राक्षांच्या वेळी जा, बहुधा फेब्रुवारीत, आणि चार दिवस सलग घ्या. तोडणी हुकली तरी काम असतंच. लाल वाइन सालींसकट आंबते, साली वर येऊन जाड थर धरतो आणि तो दिवसातून दोन-तीनदा खाली दाबावा लागतो. फक्त एक गोष्ट अगदी मनापासून सांगते : आंबणाऱ्या टाकीत वाकून डोकावू नका, एकट्याने तर नाहीच. तिथे कार्बन डायऑक्साइड साचतो, वास येत नाही आणि माणूस क्षणात कोसळतो.

तोडणी पहाटे चालते. तापलेली द्राक्षं क्रेटमध्येच आंबू लागतात, रस काळपटतो. सकाळची तपोवन एक्स्प्रेस पकडलीत तर बागेत पोहोचेपर्यंत ऊन चढलेलं असेल. आदल्या संध्याकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने जा, रात्री भावाकडेच मुक्काम करा. घड ओढू नका, देठाशी कात्री लावा, सडका मणी दिसला तर तिथेच काढून टाका. आणि कपडे जुनेच न्या, शिराजचा डाग सहजी जात नाही.